६२ वॅटवरून ४५ वर: लॅपटॉपचा प्रोसेसर सॉफ्टवेअरने थंड करताना

सॉफ्टवेअर उष्णता बाहेर काढत नाही. ते काम पंख्याचं, तांब्याच्या नळ्यांचं आणि थर्मल पेस्टचं. सॉफ्टवेअरच्या हाती एवढंच आहे की उष्णता मुळात कमी तयार व्हावी. म्हणून या सगळ्या खटाटोपात अंशांआधी वॅटचा आकडा बघायचा. अंश खोलीच्या हवेप्रमाणे बदलतात, वॅट तसे बदलत नाहीत. सेटिंग बदलल्यावर वॅट हलले नाहीत आणि तापमान मात्र उतरलं, तर श्रेय सेटिंगचं नाही. कुणीतरी खिडकी उघडली असणार.

इथली सगळी नोंद एका यंत्राची आहे: इंटेल कोअर आय७-८७५०एच असलेला, विंडोजवर चालणारा गेमिंग लॅपटॉप. सहा कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग), बारा थ्रेड, मूळ वेग २.२ गिगाहर्ट्झ, एका कोअरचा टर्बो, म्हणजे गरजेपुरता वाढवलेला वेग, ४.१ आणि सहाही कोअर एकदम चालले तर ३.९. इंटेलने कागदावर ४५ वॅट लिहिलेत आणि कमाल तापमान १०० अंश. प्रत्यक्षात लॅपटॉप बनवणाऱ्याने दीर्घकाळची मर्यादा ७८ वॅट आणि थोड्या वेळाची ९० वॅट करून ठेवली होती. अशा यंत्रांत हे सर्रास चालतं, कारण पहिल्या मिनिटात आकडे झकास दिसतात.

आधी पाया मोजला. एचडब्ल्यूइन्फो हे सेन्सरचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर फक्त सेन्सरच्या खिडकीत उघडलं आणि चार ओळींवर लक्ष ठेवलं: सीपीयू पॅकेजचं तापमान, पॅकेज पॉवर, कोअरचा इफेक्टिव्ह क्लॉक (प्रत्यक्ष वेग) आणि थर्मल थ्रॉटलिंग, म्हणजे उष्णतेमुळे वेग उतरवणं, हो की नाही. भार म्हणून प्रोसेसरला पूर्ण राबवून गुण देणारं सिनेबेंच आर२३, त्याच्या नेहमीच्या दहा मिनिटांच्या चाचणीसह. एकदाच चालवून मिळणारा गुण निरुपयोगी असतो. तांबं तापायलाच दोन-तीन मिनिटं जातात. खोली ३२ अंश, लॅपटॉप लाकडी टेबलावर, मागची बाजू दीड इंच उचललेली, चार्जर जोडलेला. ही मांडणी शेवटपर्यंत तशीच ठेवली.

दहा मिनिटांनंतरचं चित्र असं: तापमान ९७ वर खिळलेलं, वॅट ६२ च्या आसपास, वेग ३.३ ते ३.४, गुण ६९०० च्या घरात. मर्यादा ७८ वॅटची असूनही यंत्र ६२ वरच अडकलं होतं, म्हणजे त्याला वीज अडवत नव्हती, उष्णता अडवत होती. १०० ऐवजी ९७ का, तर बनवणाऱ्याने तीन अंशांचा प्रोकहॉट ऑफसेट, म्हणजे कमाल तापमानाच्या तीन अंश आधीच ब्रेक लावणारी वजावट, देऊन ठेवला होता.

आता एक साधा भागाकार. ९७ मधून खोलीचे ३२ वजा केले की ६५ उरतात. ६५ भागिले ६२, म्हणजे दर वॅटमागे सुमारे १.०५ अंश. हा आकडा या लॅपटॉपच्या कूलरची पत्रिका आहे. पंखा पूर्ण वेगाने फिरत असेल तर कुठलंही सॉफ्टवेअर तो बदलू शकत नाही. तो हाताशी असला की पुढचं सगळं आधीच सांगता येतं: ४५ वॅटला खोलीपेक्षा ४७ अंश जास्त, म्हणजे ३२ च्या खोलीत ७९. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी खोली ४२ वर असेल तर तेच ८९. त्याच सेटिंगवर डिसेंबरच्या सकाळी, २० च्या खोलीत, ६७. उन्हाळ्यात "लॅपटॉप बिघडला" म्हणून दुकानात येणाऱ्या यंत्रांपैकी बरीच बिघडलेली नसतात, त्यांच्यातली ही वजाबाकी फक्त कुणी केलेली नसते.

सगळ्यात सोपा उपाय विंडोजमध्येच आहे. पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये "मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट" १०० वरून ९९ केलं की टर्बो बंद पडतो आणि प्रोसेसर मूळ वेगाजवळ थांबतो. इथे २.२ गिगाहर्ट्झ, २५ वॅटच्या आत, तापमान साठीच्या आत. पंखा जवळजवळ ऐकू येईनासा होतो. पण गुण साडेचार हजारांवर येतो, म्हणजे एक तृतीयांश ताकद गेली. टायपिंग, व्हिडिओ, ऑनलाइन वर्ग एवढंच असेल तर हे पुरेसं आहे आणि यात काहीही बिघडू शकत नाही. काही लॅपटॉपवर हा पर्याय दिसत नाही. तो लपवलेला असतो, काढून टाकलेला नसतो. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड खिडकीतून पॉवरसीएफजी वापरून तो उघडता येतो. त्याच यादीत कमाल वेग मेगाहर्ट्झमध्ये लिहायचीही सोय आहे. तिथे ३००० लिहिलं तर टर्बो पूर्ण न मारता मधली वाट मिळते.

मेहनतीचा मार्ग व्होल्टेजचा. प्रोसेसरची वीज ढोबळमानाने व्होल्टेजच्या वर्गाला आणि वेगाला गुणून येते. वेग दहा टक्के उतरवला तर वीज दहा टक्के उतरते आणि कामही तेवढंच मंदावतं. व्होल्टेज दहा टक्के उतरवलं तर वीज एकोणीस टक्के उतरते आणि काम मात्र तेवढंच होतं. कारखान्यातून प्रत्येक चिपला थोडं जास्तच व्होल्टेज देऊन पाठवतात, कारण त्याच नावाची सगळ्यात कमकुवत चिपही चालली पाहिजे. ती जास्तीची शिदोरी काढून घेणं म्हणजे अंडरव्होल्ट.

हत्यार थ्रॉटलस्टॉप, प्रोसेसरच्या सेटिंग बदलणारं छोटं सॉफ्टवेअर. इंटेलचं स्वतःचं एक्सटीयूही हेच करतं, पण ते जड आहे आणि लॅपटॉप झोपून उठल्यावर त्याच्या सेटिंग कधी राहतात, कधी जातात. थ्रॉटलस्टॉप उघडून एफआयव्हीआर हे व्होल्टेजच्या सेटिंगचं बटण दाबलं. सगळ्यात आधी बघायचं ते कुलूप. डिसेंबर २०१९ मध्ये बर्मिंगहॅम, ग्राझ आणि लूव्हेन इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी प्लंडरव्होल्ट हा हल्ला जाहीर केला: व्होल्टेज मुद्दाम उतरवून इंटेलच्या एसजीएक्स या सुरक्षित कप्प्यातल्या गणितात चुका घडवायच्या आणि त्यांतून गुप्त किल्ल्या काढायच्या. त्यानंतरच्या बायोसच्या (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या) अपडेटनी असंख्य लॅपटॉपवर व्होल्टेजची ही वाट बंद केली. खिडकीत "लॉक्ड" दिसलं तर पुढचे चार परिच्छेद तुमच्यासाठी नाहीत. थेट वॅटच्या मर्यादेवर जा, ती बहुतेक यंत्रांवर अजून चालते. जुना बायोस परत टाकून कुलूप काढणारे लोक आहेत. पण बायोस परत टाकताना वीज गेली तर निकामी मदरबोर्ड हातात राहतो. दुसरा अडथळा विंडोज सिक्युरिटीतल्या "मेमरी इंटिग्रिटी"चा. ती चालू असताना व्होल्टेजची विनंती अनेक यंत्रांत प्रोसेसरपर्यंत पोचतच नाही. ती बंद करणं ही सुरक्षेतली खरी तडजोड आहे. ज्या लॅपटॉपवर कुणाकुणाकडून आलेल्या फायली उघडल्या जातात, तिथे ती करू नये.

कुलूप नव्हतं. "अनलॉक अ‍ॅडजस्टेबल व्होल्टेज"वर खूण केली, सीपीयू कोअरला उणे ५० मिलिव्होल्ट दिले आणि लगेच सीपीयू कॅशला (प्रोसेसरमधल्या जलद स्मृतीला) तेवढेच. इथे नवखे लोक हमखास फसतात. या पिढीत कोअर आणि कॅश एकाच विजेच्या वाटेवर आहेत आणि दोघांपैकी जो जास्त मागतो त्याचं चालतं. नुसता कोअर उतरवला तर टेबलात आकडा बदललेला दिसतो, वॅट मात्र जागचे हलत नाहीत. दिलेला आकडा खरंच लागला का, ते त्याच खिडकीतल्या ऑफसेटच्या स्तंभात दिसतं. तिथे शून्य असेल तर काहीच लागलेलं नाही. उणे १२० मागितले की १२०.१ दिसतात, त्यात गोंधळण्यासारखं काही नाही. पायऱ्या एका व्होल्टच्या १०२४ व्या भागाच्या आहेत.

चाचणीच्या काळात खाली "व्होल्टेज सेव्ह करू नका" हाच पर्याय ठेवायचा. यंत्र लटकलं तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून बंद करायचं. परत चालू झाल्यावर मूळ व्होल्टेज असतं. अंडरव्होल्टने चिप जळत नाही. जाते ती उघडी फाइल, आणि क्वचित डिस्कवर अर्धवट लिहिलेलं काही. म्हणून बॅकअप आधी, प्रयोग नंतर.

उणे ५०, ७५, १०० हे टप्पे सहज गेले. त्यापुढे दहा-दहाने. १४० ला सिनेबेंच सुरू होताच पडदा गोठला. १३० ला दहा मिनिटांची चाचणी निर्धोक पार पडली, पण रात्री झोपवलेला लॅपटॉप सकाळी झाकण उघडताच ब्लू स्क्रीनवर गेला, क्लॉक वॉचडॉग टाइमआउट. कारण साधं आहे. ऑफसेट सगळ्या वेगांना सारखाच लागतो, पण कमी वेगाला व्होल्टेज मुळातच कमी असतं, तिथे १३० ची वजावट जास्त बोचते. म्हणून पूर्ण भाराखाली तगलेलं यंत्र निवांत असताना किंवा झोपेतून उठताना कोलमडतं. नुसत्या सिनेबेंचवर विसंबलेले लोक आठवडाभराने "अचानक रीस्टार्ट होतो" म्हणत येतात ते यामुळे. ब्लू स्क्रीनच्या आधीही खूण मिळते: विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत, सिस्टिमच्या यादीत, व्हीया-लॉगरची १९ क्रमांकाची नोंद. ती म्हणजे प्रोसेसरने स्वतःची चूक पकडून दुरुस्त केली. एकसुद्धा दिसली तरी दहा मिलिव्होल्ट परत द्यायचे.

शेवटी कोअर आणि कॅश दोन्ही उणे १२० वर ठेवले. चार दिवसांत झोप, जाग, व्हिडिओ कॉल, एक मोठी झिप फाइल उलगडणं, बॅटरीवरचं काम, सगळं झालं. व्हीयाची नोंद नाही. इंटिग्रेटेड ग्राफिक्स आणि सिस्टिम एजंट यांना हात लावला नाही. तिथून मिळणारा फायदा एखाद-दोन वॅटचा, आणि त्यांच्या बिघाडाची लक्षणं ओळखणं अवघड.

आता गंमत. मर्यादा न बदलता चाचणी पुन्हा घेतली तर तापमान ९७ च! पुष्कळ लोक इथेच "काही उपयोग नाही" म्हणून सोडतात. पण वेग ३.४ वरून ३.६५ झाला होता आणि गुण ७५०० च्या पुढे. प्रोसेसरला मोकळी जागा मिळाली की तो ती लगेच टर्बोने भरून काढतो. बचत थंडाव्यात हवी असेल तर त्याला वरून झाकण घालावं लागतं.

ते झाकण थ्रॉटलस्टॉपच्याच टीपीएल या खिडकीत आहे. पीएल१, म्हणजे दीर्घकाळची मर्यादा, ४५ केली. पीएल२, म्हणजे काही सेकंदांची, ६०. टर्बोची मुदत २८ सेकंद. पीएल१ ला "क्लॅम्प"वर खूण केली. "लॉक" मात्र मोकळं ठेवायचं, ते लावलं तर रीस्टार्टशिवाय आकडा परत बदलता येत नाही. नवे आकडे लागल्यावरही वॅट पन्नाशीच्या वर जात असतील तर दोष बहुधा दुसऱ्या नोंदवहीचा. वीजमर्यादा दोन ठिकाणी लिहिलेली असते आणि काही लॅपटॉपचा बोर्डावरचा कंट्रोलर आपली जुनी मर्यादा दर थोड्या वेळाने परत लिहीत राहतो. त्यासाठी थ्रॉटलस्टॉपमध्ये एमएमआयओ लॉकची खूण आहे.

दहा मिनिटांनंतर: ४५ वॅट, ८० अंश, वेग ३.३ ते ३.४, गुण सुमारे ७०००. सुरुवातीचे आकडे आठवा: काम तेवढंच, वॅट सतराने कमी, अंशही सतराने. भागाकाराने सांगितलेले ७९ एका अंशाने चुकले. पंख्याचा आवाज किंकाळीवरून घरघरीवर आला.

तरीही एक कटकट उरली आणि ती जड कामातली नव्हती. ब्राउझरमध्ये नवं पान उघडलं की तापमान एका सेकंदात ५२ वरून ८४ वर उडी मारायचं, पंखा दचकून उठायचा आणि दोन सेकंदांनी परत शांत. ही उडी एकाच कोअरची असते. ४.१ गाठायला त्या कोअरला बरंच जास्त व्होल्टेज लागतं आणि ती सगळी उष्णता नखाएवढ्या जागेत तयार होते. तिथून तांब्यापर्यंत पोचायला वेळच मिळत नाही. एकूण वॅट मर्यादेच्या आतच असतात, त्यामुळे वॅटच्या झाकणाचा इथे उपयोग शून्य. उपाय दोन केले. एफआयव्हीआरमधल्या टर्बो रेशो लिमिट्समध्ये एक ते चार कोअरचे आकडे ४१-४० वरून ३७ वर आणले. आणि प्रोसेसर किती चटकन वेग वाढवतो ते ठरवणारा स्पीड शिफ्टचा ईपीपी १२८ वरून १६० केला. ईपीपी ० ते २५५ असतो. शून्य म्हणजे कायम धावायला तयार, २५५ म्हणजे कमालीचा आळशी. २०० च्या पुढे पान सरकवतानाच अडखळल्यासारखं वाटू लागतं. १६० ला फरक फक्त आकड्यात दिसला, हाताला जाणवला नाही. उड्या ७० च्या आसपास थांबल्या. रोजच्या वापरात सगळ्यात सुखावणारा बदल हाच, सिनेबेंचचे १७ अंश नव्हेत.

थ्रॉटलस्टॉपच्या पहिल्याच खिडकीत बीडी प्रोकहॉट नावाची खूण असते आणि ती काढायचा सल्ला फार उदारपणे वाटला जातो. ही खूण म्हणजे बोर्डावरच्या इतर भागांना प्रोसेसरला "थांब" सांगायचा अधिकार. खराब चार्जर किंवा बिघडलेला सेन्सर हा अधिकार खोटाच वापरून प्रोसेसर ८०० मेगाहर्ट्झवर डांबून ठेवतो, तेव्हा खूण काढून निदान करणं ठीक. एरवी तिच्यामुळेच व्होल्टेज देणारे भाग वाचतात. प्रोकहॉट ऑफसेट ३ वरून १० करून तापमान ९० वर अडवणंही जमतं, पण त्याने उष्णता आधी तयार होते आणि मग ब्रेक लागतो. वेग वरखाली हेलकावत राहतो.

एका बटणात प्रोसेसर थंड करून देणाऱ्या, मोबाइलवरच्या "सीपीयू कूलर" अ‍ॅपबद्दल एवढंच: ती मागे चालणारी अ‍ॅप बंद करतात, ती थोड्या वेळाने परत उघडतात, आणि मधल्या काळात तुम्हाला जाहिरात दिसते. एके काळी मात्र असली सॉफ्टवेअर खरी होती. विंडोज ९५ प्रोसेसर रिकामा असतानाही त्याला फेऱ्या मारायला लावायचं. हॉल्ट, म्हणजे "थांबून राहा", ही सूचना द्यायचंच नाही. रेन, वॉटरफॉल, सीपीयूआयडल ही छोटी सॉफ्टवेअर रिकाम्या वेळात ती सूचना देत आणि तापमान खरोखर उतरे. विंडोज एनटी आणि लिनक्स हे काम स्वतःच करत, त्यामुळे पुढे त्यांची गरज संपली.

एएमडीच्या डेस्कटॉपवर हेच सगळं जास्त सुटसुटीत आहे. १०५ वॅटच्या रायझन ७ ५८००एक्सची प्रत्यक्ष वीजमर्यादा १४२ वॅट असते. रायझन मास्टर किंवा बायोसमधून ६५ वॅटचा इको मोड लावला की ती ८८ होते. अंडरव्होल्टसाठी बायोसमधला कर्व्ह ऑप्टिमायझर: सगळ्या कोअरना उणे १० पासून सुरुवात, उणे ३० ही शेवटची पायरी. तिथली एक पायरी तीन ते पाच मिलिव्होल्टची. तो वेगागणिक वेगळी वजावट करतो, तरी कोलमडतो तो बहुधा निवांत असतानाच. रायझन ७००० च्या मोठ्या चिपवर पूर्ण भाराला ९५ दिसले तर घाबरू नये, त्यांची रचनाच तिथवर धावायची आहे. एएमडीच्या लॅपटॉपवर रायझनअ‍ॅडजे (RyzenAdj) हे छोटं सॉफ्टवेअर वॅटची मर्यादा बदलतं. लिनक्सवर इंटेलसाठी इंटेल-अंडरव्होल्ट आहे. पी-स्टेट ड्रायव्हरच्या "नो टर्बो" फाइलमध्ये १ लिहिलं की ९९ टक्क्यांच्या युक्तीसारखाच परिणाम मिळतो.

ही सगळी हत्यारं ड्रायव्हरमार्फत प्रोसेसरच्या अगदी आतल्या कप्प्यात लिहितात. असाच विनरिंग०, अनेक पंखा-नियंत्रक सॉफ्टवेअरमध्ये वापरलेला जुना ड्रायव्हर, २०२५ मध्ये विंडोज डिफेंडरने धोकादायक म्हणून पकडायला सुरुवात केली. फाइल मूळ जागेवरूनच घ्यायची, ताजी आवृत्ती ठेवायची, आणि वापरात नसलेलं हत्यार काढून टाकायचं.

सेटिंग पक्क्या झाल्यावरच व्होल्टेज सेव्ह केलं. आपोआप सुरू होण्यासाठी टास्क शेड्यूलरमध्ये काम तयार केलं: लॉगऑननंतर, सर्वोच्च अधिकारांसह, एका मिनिटाच्या विलंबाने. हा विलंब विसरायचा नाही. सेटिंग चुकीची असेल तर ते एक मिनिट काम थांबवायला पुरतं. नाहीतर लॉगइन, ब्लू स्क्रीन, रीस्टार्ट हे चक्र सुरू होतं आणि मग सेफ मोडमध्ये जाऊन थ्रॉटलस्टॉपची आयएनआय फाइल पुसावी लागते. त्याच कामाच्या "कंडिशन्स"मध्ये बॅटरीवर असताना सुरू करू नका ही खूण आधीपासून असते, ती काढावी.

भागाकाराचा आकडा, १.०५, तारीख आणि खोलीच्या तापमानासह कागदावर लिहून लॅपटॉपच्या खाली चिकटवला. सहा महिन्यांनी तीच चाचणी. आकडा १.१ च्या आसपास असेल तर ब्रशने जाळी साफ करायची. १.२५ च्या पुढे गेला असेल, किंवा दोन कोअरमध्ये बारा-पंधरा अंशांचा फरक दिसत असेल, तर सॉफ्टवेअर बाजूला ठेवून तळाचे स्क्रू काढायचे. पेस्ट वाळलेली असते किंवा तांब्याचा पत्रा एका कोपऱ्याला उचललेला असतो.